सव्वा इंचाची खिडकी

दुर्बिणीच्या ज्या टोकाला आपण डोळा लावतो, तिथे बोटभर लांबीची एक छोटी नळी बसवलेली असते. सगळे तिला आयपीस म्हणतात. शास्त्रीय मराठीत तिचे नाव नेत्रिका. बाजारातल्या स्वस्त दुर्बिणीबरोबर जी नेत्रिका येते तिच्या कडेला ‘एच २०’ किंवा ‘एसआर ४’ असे काहीतरी कोरलेले असते. घेणाऱ्याला वाटते, हा कारखान्याचा नंबर असेल. पण ‘एच’ म्हणजे हायगेन्स, सतराव्या शतकातला डच शास्त्रज्ञ. ‘आर’ म्हणजे रॅम्सडेन, अठराव्या शतकातला लंडनचा कारागीर. आणि २० किंवा ४ हे त्या भिंगांचे मिलिमीटरमधले नाभीय अंतर. साडेतीनशे वर्षांचा इतिहास त्या एका अक्षरात बसलेला असतो आणि आपण तो वाचत नाही.

मी कवितेतला माणूस. शिक्षण बी. ए. पर्यंतचे, त्यामुळे भौतिकशास्त्राशी नाते दुरूनच. पण ‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, त्याचा अर्थ ‘दूरचे पाहणारी’, एवढे मला ठाऊक होते. ‘चष्मा’ही तिकडचाच, ‘चश्म’ म्हणजे डोळा. शब्दांच्या मागे जाता जाता वस्तूंपर्यंत पोचलो, आणि वस्तूंच्या मागे जाता जाता किमतीपर्यंत. आकाश सगळ्यांना फुकट आहे, असे आपण कवी मंडळी सहज लिहून जातो. ते पाहण्याची खिडकी मात्र विकत घ्यावी लागते. ती कोणाला परवडली आणि कोणाला नाही, यालाही एक इतिहास आहे. आज तोच थोडक्यात सांगतो.

आधी दुर्बिणीचा हिशेब समजून घेऊ. तिचे दोन भाग. एक मोठे भिंग किंवा आरसा, जो प्रकाश गोळा करतो; दुसरी नेत्रिका, जी त्या प्रकाशातून तयार झालेले चित्र मोठे करून दाखवते. आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की दुर्बीण किती पट दाखवते ते कळते. सहा इंची आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल आणि नेत्रिका २५ मिलिमीटरची असेल, तर ४८ पट. १० मिलिमीटरची लावली तर १२० पट. म्हणजे दुर्बीण एकच, पण नेत्रिका बदलली की जणू दुर्बीणच बदलते. आणि गंमत अशी, की यातला मोठा भाग घरी बनवता येतो. जाड काचेच्या दोन चकत्या, कार्बोरंडमची पूड, पाणी आणि काही महिन्यांची चिकाटी एवढ्यावर जगभरच्या हौशी लोकांनी आरसे घासले आहेत. पुण्याच्या ‘आयुका’मध्येही हौशी मंडळी आणि शिक्षकांसाठी अशी आरसे घासण्याची शिबिरे झाली. पण नेत्रिकेतली चिमुकली भिंगे घरी घासणे बहुतेकांना जमत नाही. ती विकतच आणावी लागतात. आकाशाच्या वाटेवरचा खरा टोलनाका हा आहे.

१६०९ साली गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली, तेव्हा त्याची नेत्रिका म्हणजे एकच अंतर्वक्र भिंग होते. त्यातून दिसायचा आकाशाचा तुकडा इतका लहान, की पूर्ण चंद्रही एका वेळी मावत नसे. चतकोर चतकोर करून पाहावा लागे. १६११ मध्ये केप्लरने बहिर्वक्र भिंग लावण्याची रीत सुचवली. चित्र उलटे दिसू लागले, पण खिडकी रुंद झाली. मग १६६० च्या दशकात क्रिस्तियान हायगेन्सने एकाऐवजी दोन साधी भिंगे ठराविक अंतरावर बसवली. एका भिंगाने ताऱ्याभोवती जी रंगीत झालर दिसते, ती या मांडणीत बरीचशी नाहीशी झाली. दोन्ही भिंगे एकाच जातीच्या काचेची. महाग काच नको, दोन काचांचा जोड नको. फक्त अंतराचा हिशेब अचूक हवा. स्वस्तात चांगले कसे करावे, याचा हा पहिला धडा म्हणायचा.

दुसरा धडा जेसी रॅम्सडेनचा. यॉर्कशायरमधल्या एका खानावळवाल्याचा हा मुलगा लंडनला येऊन यंत्रे बनवू लागला आणि १७८३ च्या सुमारास त्याने आपल्या दोन भिंगांच्या नेत्रिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. या रचनेत मोठ्या भिंगाने तयार केलेले चित्र नेत्रिकेच्या बाहेर, तिच्या पुढ्यात पडते. त्यामुळे तिथे बारीक तारांची फुली बसवता येते आणि अचूक मोजणी करता येते. जमीन मोजणाऱ्या थिओडोलाइट यंत्राला नेमके हेच हवे होते.

आणि इथे ही गोष्ट आपल्या विदर्भात येते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन लंडनच्या केरी या कारागिराने बनवलेला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन दक्षिणेकडून वर सरकत आला होता. २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्या काळी आपल्या मुलखात अशी उत्तम भिंगे आली ती तारे पाहायला नव्हे, तर जमीन मोजायला. त्यातून पाहण्याचा हक्क सरकारी साहेबाचा. बैलगाड्या, हमाल आणि निशाणवाले आपले.

पण यंत्र म्हटले की ते बिघडणार, आणि विलायतेला पाठवून दुरुस्त करायचे तर वर्षे जाणार. या सर्वेक्षणात एक नाव पुढे आले, ते अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांचे. हेन्री बॅरो या इंग्रज कारागिराच्या हाताखाली त्यांनी यंत्रांच्या दुरुस्तीचे काम केले. बॅरो गेल्यानंतर खुद्द जॉर्ज एव्हरेस्टने, ज्याचे नाव पुढे जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळाले, त्यांच्या हुशारीची साक्ष देऊन शिफारस केली आणि १८४० च्या दशकात गणिती यंत्रांचे कारागीर म्हणून ती जागा त्यांना मिळाली. शिखराचे नाव शाळेतल्या पोराला पाठ असते. ज्याच्या हातांनी ती यंत्रे चालू राहिली त्याचे नाव सांगावे लागते. किमतीच्या इतिहासात दुरुस्ती करणाऱ्याचे स्थान मोठे असते. जी वस्तू जवळ दुरुस्त होते ती स्वस्त पडते. जी होत नाही, ती कितीही कमी पैशांत घेतलेली असली तरी महागच.

युरोपात मधल्या काळात रचना सुधारत गेल्या. १८४९ साली जर्मनीतल्या वेट्झलार गावी कार्ल केल्नर या तरुणाने रॅम्सडेनच्या नेत्रिकेत एका साध्या भिंगाऐवजी दोन जातींच्या काचांचे जोडभिंग घातले. रंगदोष आणखी कमी झाला. हा केल्नर १८५५ मध्ये, वयाच्या तिशीआधीच गेला. त्याच्या छोट्या कारखान्यातूनच पुढे लाइट्झ ही नामांकित कंपनी उभी राहिली. १८६० मध्ये व्हिएन्नाच्या गेऑर्ग सायमन प्लॉसलने दोन जोडभिंगे समोरासमोर ठेवून चार काचांची नेत्रिका केली. आजच्या हौशी निरीक्षकाची सर्वांत विश्वासाची नेत्रिका तीच. पण तिला सर्वसामान्यांच्या हाती यायला शंभराहून जास्त वर्षे लागली. कारण साधे होते. चार काचा घासायच्या, दोन जोड चिकटवायचे, सगळे हाताने. खर्च परवडणार कोणाला?

आपल्याकडे तो परवडला संस्थानिकांना. भावनगरच्या महाराजांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे सर्वेसर्वा. तिथली वीस इंची दुर्बीण पुढे अनेक दशके देशातली सर्वांत मोठी होती. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नायगमवालांनी जेऊर इथे तळ ठोकून वेध घेतले. पण १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रे कोडाईकनालला गेली. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणवली. तिच्यातून निजामिया वेधशाळा घडली. या लोकांचे ऋण मोठे आहे. पण एका दात्यावर किंवा एका प्राध्यापकावर उभी असलेली खिडकी त्याच्याबरोबरच मिटते, हेही पुण्याच्या उदाहरणातून दिसले.

म्हणूनच मला १९४४ हे वर्ष महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली ही सर्वांत जुनी संस्था. महाराज नाही, नवाब नाही. आवड असलेली माणसे एकत्र आली आणि दुर्बीण सर्वांची झाली. नेत्रिका परवडत नसेल तर ती दहा जणांत एक घ्यावी, हा मार्ग महाराष्ट्राला या मंडळींनी दाखवला. पुढे मुंबईत १९८५ साली खगोल मंडळ निघाले ते हॅलेच्या धूमकेतूच्या स्वागताच्या दिवसांत.

१९४४ मध्ये जगात महायुद्ध चालू होते, आणि नेत्रिकेच्या किमतीचा पुढचा अध्याय त्याच युद्धाने लिहिला. रणगाड्यांना, विमानांना, तोफांना नेमबाजीसाठी भिंगे लागत. रुंद दृश्य दाखवणारी हाइनरिख एर्फलेची नेत्रिका पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत लष्करासाठीच तयार झाली होती. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर पातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली, तीही काही काळ लष्करी गुपित होती. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दोन सुट्या भिंगांची चार पृष्ठे, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के उजेड वाटेतच गेला. लेपाने ही गळती थांबली.

युद्ध संपल्यावर ही सारी सामग्री भंगारात निघाली. अमेरिकेत नॉर्मन एडमंड या गृहस्थाने १९४२ मध्येच टवके उडालेली भिंगे विकण्याचा धंदा काढला होता. युद्धानंतर रणगाड्यांच्या दुर्बिणीतल्या उत्तम नेत्रिका तिथल्या हौशी लोकांना नाममात्र दरात मिळू लागल्या. शत्रूवर नेम धरायला घासलेली काच शनीची कडी पाहायला वापरली गेली. माणसाच्या हातून कधी कधी असेही बरे घडते. पण विचार करा, आकाश स्वस्त व्हायला आधी केवढी किंमत मोजावी लागली होती!

भंगारातून आकाश उभे करणाऱ्यांत जॉन डॉब्सनचे नाव घेतलेच पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात हा माणूस तेवीस वर्षे साधू म्हणून राहिला. मठातच चोरून दुर्बिणी बनवायचा. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग जहाजाच्या खिडक्यांच्या काचेचे आरसे, पुठ्ठ्याच्या नळ्या, जुन्या दुर्बिणींतल्या नेत्रिका असा संसार घेऊन तो पदपथावर उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणू लागला, या, शनी पाहा. पैसे नाहीत. त्याच्या साध्या लाकडी बैठकीची दुर्बीण आज जगभर त्याच्या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे मात्र १९९१ पर्यंत परदेशी वस्तू मागवणे म्हणजे परवाना, जकात आणि खेटे. जपानमध्ये बनलेल्या साठ मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणी कोणी नातेवाईक घेऊन आला तर यायच्या. त्यांच्या नेत्रिकेची नळी साडेचोवीस मिलिमीटरची, तर अमेरिकी-इंग्रजी पद्धतीची सव्वा इंचाची. एकाची दुसऱ्यात बसत नसे. म्हणजे एक हरवली की दुर्बीण शोभेची. हळूहळू जगाने सव्वा इंच हे माप मान्य केले. सगळ्या बाटल्यांना एकच बूच बसावे तसे झाले. कोणत्याही कारखान्याची नेत्रिका कोणत्याही दुर्बिणीत बसू लागली आणि भाव उतरायला तेही एक कारण झाले.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत अल नेगलर यांनी दोन गोष्टी केल्या. चांद्रयानाच्या सराव-यंत्रासाठी त्यांनी पूर्वी भिंगांच्या रचना केल्या होत्या. त्या अनुभवावर त्यांनी सात भिंगांची, ८२ अंशांचे दृश्य दाखवणारी नेत्रिका आणली. ती महाग होती आणि आजही आहे. पण त्यांच्याच कंपनीने जुनी प्लॉसल रचना चांगल्या दर्जाने बनवून पुन्हा लोकप्रिय केली. प्लॉसल जाऊन शतक उलटले होते, त्याच्या रचनेवर कोणाचा हक्क उरला नव्हता. शिवाय दोन्ही जोडभिंगे एकसारखी ठेवता येतात. एकच वस्तू दोनदा करायची. त्यामुळे तैवान आणि मग चीनच्या कारखान्यांनी ती लाखांनी काढली. १९८० मध्ये तैवानात सुरू झालेल्या सिंटा कंपनीने १९९२ मध्ये चीनच्या सुचौ शहरात कारखाना नेला. आज जगातल्या हौशी दुर्बिणींचा मोठा हिस्सा तिकडूनच येतो.

आता आपल्या भंडाऱ्याच्या मापाने बोलू. साधी, लेप दिलेली, सव्वा इंची प्लॉसल नेत्रिका आज आपल्याकडे साधारण दोन-अडीच हजार रुपयांत मिळते. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे एक नेत्रिका, एक क्विंटल धान. नेगलरच्या जातीची घ्यायची तर दहा-पंधरा क्विंटल. धान पिकवणाऱ्याला विचारा, एक क्विंटल म्हणजे किती वेळा वाकणे! त्यामुळे स्वस्त झाली म्हणताना कोणासाठी, हेही विचारले पाहिजे.

आणि स्वस्ताईत फसवणूकही असते. खोक्यावर ‘५२५ पट’ असे छापलेले असते. ढोबळ नियम असा, की मोठ्या भिंगाच्या दर इंचाला पन्नास पट ही मर्यादा. अडीच इंची दुर्बीण सव्वाशे पटीच्या पुढे फक्त धूसर डाग दाखवते. पाचशे पटींसाठी खोक्यात तीच ‘एसआर ४’ टाकलेली असते. यात बिचाऱ्या रॅम्सडेनचा दोष नाही. त्याची आणि हायगेन्सची रचना त्या काळच्या लांबलचक दुर्बिणींसाठी होती. आजच्या आखूड दुर्बिणीत ती बसवली की कडेचे तारे फाटतात. पोरगे दोन रात्री पाहते, काही दिसत नाही म्हणते आणि दुर्बीण माळ्यावर जाते. नुसती दुर्बीण गेली तर चालेल. त्या पोराची हौस तिच्याबरोबर जाते, हे नुकसान मोठे.

आमच्या जिल्ह्यातल्या एका शाळेत मी चार इंची चांगली दुर्बीण पाहिली. कपाटात बंद. का? तर नेत्रिका नाही. एक हरवली, दुसरीच्या काचेवर बुरशी चढली. हा तलावांचा, धानाचा मुलूख. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तर काचेला का नाही येणार? बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात त्या आपण फेकून देतो. त्याच दोन पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या, पावसाळ्यात अधूनमधून बदलल्या, तर नेत्रिका वर्षानुवर्षे टिकते. त्या शाळेसाठी मी एका जुन्या, एक बाजू फुटलेल्या द्विनेत्रीतली भिंगे काढली. ती बसवायला सव्वा इंची नळी हवी होती. भंडारा म्हणजे पितळेचे गाव. गावाचे नावच ‘भाणा’वरून, म्हणजे पितळेवरून पडले असे म्हणतात. लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या भाऊंकडे गेलो. मापाचा कागद पाहून ते म्हणाले, “हे त पिचकारीपरीस सोपं आहे जी.” तासाभरात नळी तयार. आतून काळा रंग दिला, म्हणजे उजेड इकडेतिकडे उडत नाही. मजुरी एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी. चंद्रावरची विवरे स्वच्छ दिसली. मोहसीन हुसेन यांच्या कारागिरीपुढे हे काम किरकोळच, पण जात तीच.

कोणती नेत्रिका आधी घ्यावी, असे मला नेहमी विचारतात. माझे उत्तर एकच: एकच घ्या, पण २५ मिलिमीटरच्या आसपासची, कमी पटीची. चांदरातीची बारीक कोर शोधायला आणि कृत्तिकांचा झुबका पाहायला तीच उपयोगी. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते, की चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढेच अंतर राहिले होते. आमच्या गच्चीवर तोंडाला मास्क बांधून, अंतर राखून रांग लागली होती. एकाच खिडकीत गुरूचे चंद्र आणि शनीची कडी. एक आजीबाई डोळा काढायलाच तयार नव्हत्या. मागून नातू ओरडत होता, “आजी, माझा नंबर!”

हायगेन्सने अंतराच्या हिशेबाने, एडमंडने भंगारातून, सव्वा इंचाने एकमापाने आणि पुण्याच्या मंडळींनी वाटणीने नेत्रिका स्वस्त केली. यांतला शेवटचा मार्ग आपल्याला आजही मोकळा आहे. भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला एका डब्यात दोन चांगल्या प्लॉसल नेत्रिका, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक वही ठेवली, कोणी कधी नेली ते त्यात लिहिले, तर चौदा क्विंटल धानाच्या पैशांत कपाटातल्या किती दुर्बिणी पुन्हा उघडतील! ग्रामपंचायत, वाचनालय, माजी विद्यार्थी, कोणीही हे करू शकते. हिवाळ्याच्या स्वच्छ रात्री जवळ आल्या आहेत. तुमच्या गावच्या शाळेतले कपाट एकदा उघडून बघा, आत दुर्बीण असेल तर तिची नेत्रिका जागेवर आहे का, तेवढे पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)